पाच नंबरचा बिल्ला

१

कोरडा टॉवेल आणि सुके कपडे हातात घेऊन मावशी केबिनमधून डेकवर आली आणि म्हणाली, "चिमणे, आधी अंग पूस, मग काय त्या गप्पा मार."

उत्तर आलं नाही. त्यात नवल नव्हतं. चिमणी म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी. ती पाण्याखाली जाऊन आली की तिच्या कानांत असे दडे बसत, की पुढचे कित्येक तास शेजारी कुणी ढोल बडवले तरी तिला पत्ता लागू नये. कालच्या सरावानंतर जेवताना मावशी तिच्या कानाशी लागून सांगत होती, की तुझा जोडीदार म्हणून दिलेला तो दंतवैद्य मला काही धड वाटत नाही. तर ही पोरगी ओरडली, "काय? कोण धड वाटत नाही? मोठ्याने बोल!" दंतवैद्य शेजारच्याच टेबलावर बसला होता.

म्हणून आता मावशीने आवाज चढवला. सगळी नोकरी फौजदारकीत काढलेला आवाज तो. डेकवरच्या माना झटकन वळल्या. एकाच टॉवेलात गुरफटून बसलेलं नवं जोडपं, कॅमेरा पुसत असलेली फोटोवाली, ओठ चावत बसलेला दंतवैद्य आणि सगळ्यांना पाण्याखाली घेऊन जाणारा मास्तर. त्या मानांत चिमणीची मान नव्हती.

"ती तुमच्याजवळ केबिनमध्ये नाही?" मास्तरने विचारलं.

"माझ्याजवळ कशाला बसेल? मी सकाळपासून ओकून ओकून आडवी पडलेय."

मास्तरने बोटीच्या मधल्या फळीकडे पाहिलं. फळीवर खुंट्या होत्या, प्रत्येकाच्या नंबराची एक. बुडी मारणाऱ्याचा पितळी बिल्ला त्याच्या जाकिटाला अडकवलेला असायचा आणि तो वर आला की खुंटीवर यायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस पाण्यात, असा साधा हिशोब. आता दोन खुंट्या रिकाम्या होत्या. चार आणि पाच.

"चार तुझा," मास्तर फोटोवालीकडे न बघताच म्हणाला, "तो तू सकाळीच हरवलास. पण पाच..." त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पाच नंबर वर आलेलाच नाही."

२

समोर प्रवाळाची रांग होती. पाणी तिथे हिरवं दिसत होतं आणि पलीकडे एकदम काळं. त्या काळ्या पाण्यात ओढ जबरदस्त होती, हे मास्तरने सकाळीच सगळ्यांना दम देऊन सांगितलं होतं. आता तो स्वतः आपल्या टाकीत उरलेल्या हवेवर पुन्हा पाण्यात उतरला आणि हात हलवत वर आला. बोट चालवणाऱ्या तांडेलाने वायरलेसवर किनाऱ्याला कळवलं. बचाव बोट निघाली होती, पण ती यायला वेळ होता, आणि सूर्य काही कुणासाठी थांबणार नव्हता.

मावशी कठडा घट्ट धरून उभी होती. मळमळ कुठल्या कुठे पळाली होती. डोक्यात बहिणीचं एकच वाक्य घुमत होतं. "तू पोलिसात होतीस, तू असलीस की मला घोर नाही." आणि ही पोलिसातली बाई पोरीला समुद्रात सोडून केबिनमध्ये घोरत पडली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"मास्तर," ती म्हणाली, "ती इथेच हरवली कशावरून?"

"म्हणजे?"

"आपण आज दोन ठिकाणी थांबलो. आधी ते बुडालेलं जहाज, मग हे प्रवाळ. ती तिकडेच राहिली नसेल कशावरून?"

मास्तर वैतागला होता, पण बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज खाली ठेवला. "मावशी, जहाजावरून निघालो तेव्हा पाचचा बिल्ला खुंटीवर होता. मी डोळ्यांनी बघितला, म्हणून तर बोट सोडली. इथे बुडी मारताना तो गेला. म्हणजे ती इथेच उतरली."

"मी तिला पाहिलं ना खाली," नवी नवरी काकुळतीने म्हणाली. "प्रवाळाच्या त्या टोकाला. पाच नंबर होता पाठीवर."

"आणि सगळ्यात मोठं म्हणजे," मास्तर म्हणाला, "वाटेत ती तुमच्याशी बोलली. मघाशी तुम्हीच म्हणालात."

हे मात्र खरं होतं. जहाजाकडून प्रवाळाकडे येताना केबिनचं दार वाजलं होतं. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठीमागे पावलं आली, चिमणीची पिशवी जरा सरकली. मावशीने विचारलं होतं, "चिमणे, खाल्लंस का काही?" आणि मागून "हं" असं आलं होतं.

तिघांची साक्ष, त्यातली एक खुद्द फौजदारणीची. यावर कुठलंही कोर्ट डोळे झाकून निकाल देईल. मावशी पुन्हा काळ्या पाण्याकडे बघायला लागली. तिने मनातल्या मनात तो प्रसंग परत एकदा घडवून पाहिला. भिंतीकडे तोंड, उशीत खुपसलेलं. पोटात ढवळत होतं, त्यामुळे शब्द जेमतेम फुटत होते. तिने ते विचारलं नव्हतंच, पुटपुटली होती.

आणि उत्तर लगेच आलं होतं. "काय? मोठ्याने बोल!" असं नव्हे. सरळ "हं".

केबिनमध्ये आलेली ती चिमणी नव्हती.

३

सगळे समुद्राकडे बघत होते. मावशीने समुद्राकडे पाठ केली आणि बोटीकडे बघायला सुरुवात केली. पाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. माणसं मात्र तिने आयुष्यभर वाचली होती, आणि घाबरलेली माणसं तर जास्तच.

आधी तिने नवरीला बाजूला घेतलं. "बाळ, तू पाहिलंस ती चिमणीच होती?"

"हो... पाच नंबर होता."

"तोंड पाहिलंस?"

नवरीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाण्याखाली आणि पाण्याबाहेर फक्त नवरीकडेच पाहिलं होतं, त्याचा उपयोग शून्य. "तोंड नाही," ती हळूच म्हणाली. "पाठ दिसली. पण काळ्या रबरात आणि मुखवट्यात सगळे सारखेच दिसतात हो मावशी. नंबरावरूनच ओळखायचं ना?"

मग मावशी दंतवैद्यासमोर जाऊन बसली. तो मान वर करेना.

"डॉक्टर, तुम्ही तिचे जोडीदार. एकमेकांना नजरेआड करायचं नाही असा नियम आहे ना? मग इथे प्रवाळावर ती कुणाबरोबर उतरली?"

"मला वाटलं, फोटोवालीबरोबर... मी मास्तरांबरोबर गेलो."

"का? सकाळी तुमची जोडी ठरली होती."

"सहज."

"डॉक्टर, तुमच्या खुर्चीत बसलेला पेशंट 'सहज' दात काढून द्या म्हणाला तर तुम्ही काढता का?" मावशीचा आवाज एकदम खाली गेला. हा आवाज जास्त वाईट, हे तिच्या जुन्या ठाण्यातल्या कुणालाही विचारावं. "माझी पोरगी पाण्यात आहे. तुमची अब्रू नंतर झाकू. जहाजावर काय झालं?"

दंतवैद्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "आम्ही जहाजाच्या पोटात शिरलो. आत गाळ उठला, काही दिसेना. मला... मला श्वास पुरेना असं वाटायला लागलं. मी पळालो. तिला खूणही केली नाही, एकटाच वर आलो. बोटीवर चढलो तेव्हा अजून सगळे आले नव्हते. मी आत जाऊन तोंड धुतलं, धीर आला तसा बाहेर आलो, तर पाचचा बिल्ला खुंटीवर! मला इतकं हायसं वाटलं मावशी, की म्हटलं, आलीय ती सुखरूप, आता उगाच कशाला बोंबाबोंब. आणि तिच्या समोर जायची लाज वाटत होती, म्हणून तिला शोधलंही नाही."

"म्हणजे जहाजावरून वर आल्यावर तुम्ही तिला पाहिलं नाहीत."

"नाही."

"कुणीच पाहिलं नाही," मावशी म्हणाली. "आम्हाला वाटलं ती तुमच्यात आहे, तुम्हाला वाटलं ती माझ्याजवळ आहे. सगळ्यांनी पाहिला तो फक्त बिल्ला."

पण बिल्ला काही पाय फुटून खुंटीवर चढत नाही. तो चढवणारा कोण?

४

सुकाणूवर तांडेल ओढीशी झगडत होता. मावशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"जहाजावर बिल्ले खुंटीवर कुणी लावले?"

"मीच. शिडीवरून एकेक जण वर आला की त्याच्या जाकिटाचा बिल्ला काढायचा आणि लावायचा. इथे ओढ आहे म्हणून मला सुकाणू सोडता येईना. म्हटलं, आपापले लावा."

"पाचचा बिल्ला काढलात तेव्हा समोर कोण होतं?"

तांडेलाने सुकाणूवरची पकड बदलली. मग ओशाळून म्हणाला, "मावशी, खरं सांगू? मी जाकीट बघतो. तोंडं नाही बघत. मुखवटा असतो, पाणी गळत असतं, मागचा खालून ओरडत असतो."

"आणि चारची खुंटी तेव्हा रिकामी राहिली."

"राहिली ना. पण चारवाली बाई समोर धडधडीत उभी! म्हटलं, काय बाई, पाडलात बिल्ला समुद्रात? ती नुसती हसली. माणूस समोर असल्यावर बिल्ल्याचं काय एवढं?"

मावशीने डोळे मिटले. तिला वाटलं, हेच. अगदी हेच. पाच नंबरचा माणूस नव्हता, पण बिल्ला होता. चार नंबरचा बिल्ला नव्हता, पण माणूस होता. त्यामुळे दोन्हीकडे सगळं ठीक दिसलं आणि बोट निघाली.

"दुसऱ्या बुडीच्या आधी बिल्ले परत जाकिटांना कुणी अडकवले?"

"मीच. ही सगळी जेवत होती तेव्हा. जाकिटांवर नंबर रंगवलेत ना, ते बघून."

"मग चारचं जाकीट होतं का बाकावर?"

"ते कशाला बघू? चारला बिल्लाच नव्हता अडकवायला." एवढं बोलून तांडेल थबकला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

मावशी फोटोवालीसमोर आली. बाई कॅमेरा पुसत होती. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसत होती. डावा हात मात्र अंगावरच्या स्वेटरच्या खिशात होता, आणि गेल्या अर्ध्या तासात तो एकदाही बाहेर आलेला मावशीने पाहिला नव्हता. दोन्ही हात लागणाऱ्या कामाला कुणी एकच हात वापरत असेल, तर दुसरा हात काहीतरी धरून असतो.

"तुझ्या जाकिटाला काय झालं होतं सकाळी?" मावशीने अगदी मायेने विचारलं.

फोटोवालीने पुसायचं थांबवलं. "त्याच्यात हवा राहात नव्हती. उतरायच्या ऐन वेळी कळलं. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला उतरूच दिलं नसतं. ती म्हणाली, तुझे दोन्ही हात कॅमेऱ्यात, तू माझं घाल. मी तुझ्यात भागवते. मी नको म्हणाले हो! तिनेच अदलाबदल केली."

"बिल्ल्यांसकट."

"बिल्ले जाकिटांनाच होते."

"वर आल्यावर तू केबिनमध्ये आलीस."

"माझा बिल्ला तिच्याकडून घ्यायला. ती नव्हती. तुम्ही मला चिमणी समजलात, मी हं म्हटलं आणि सटकले. मला वाटलं, असेल पुढे कुठेतरी. खरंच वाटलं! म्हणून इथेही तिचंच जाकीट घालून उतरले. जाकीट बदललं म्हणून मास्तर मला घरी पाठवतील, एवढीच भीती होती तेव्हा."

"आणि मघाशी, मास्तर फळीकडे बघून पाच नंबर ओरडले तेव्हा?"

डावा हात खिशातून बाहेर आला, मूठ उघडली. तळव्यात पितळी बिल्ला होता, आणि त्याची कडा रुतून कातडीवर लाल वळ उठला होता. त्यावर पाच.

"गुपचूप तिलाच द्यायचा म्हणून ठेवला होता. मग मला बोलताच येईना," ती रडत म्हणाली. "बोलले असते तर सगळे म्हणाले असते, हिनेच मारली तिला."

"आणि न बोलून काय करत होतीस गं तू?" मावशी म्हणाली. याहून जास्त बोलायला तिला ना वेळ होता ना धीर.

मास्तर मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, पण बोट फिरवायचा हुकूम तो देईना. "मावशी, जहाज इथून दूर आहे. आपण तिकडे गेलो आणि ती इथेच असली तर? तिने दुसरं एखादं जाकीट घालून उडी मारली असली तर? इथून हललो म्हणजे तिला सोडल्यासारखंच की. बचाव बोटही इकडेच येतेय."

प्रश्न रास्त होता. आपण चुकलो तर आपल्याच हाताने पोरीला दुसऱ्यांदा सोडणार. तिने आजूबाजूला पाहिलं. एखादी तरी मुकी वस्तू हवी होती, जी घाबरत नाही आणि लाजत नाही.

"मास्तर, हवेच्या टाक्या किती घेता बरोबर?"

"प्रत्येकाला दोन. दोन बुड्यांच्या दोन. आणि एक जास्तीची, अडीअडचणीला."

"भरलेली कशी ओळखायची?"

"तोंडावर लाल टोपण असतं. वापरली की टोपण काढून..." मास्तर बोलता बोलता पळत सुटला. मागच्या बाजूला टाक्यांची रांग होती. सगळ्यांनी दोन्ही बुड्या मारल्या असत्या तर लाल टोपण एकाच टाकीवर उरायला हवं होतं, जास्तीच्या.

लाल टोपणं दोन होती.

हवेवाचून प्रवाळावर कोण उतरतं? मास्तर वळला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "बोट फिरवा! वायरलेसवर सांगा, जहाजाकडे या, जहाजाकडे!"

५

वाटेत मास्तर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की अंगातल्या रबराने माणूस तरंगतो, कंबरेला बांधलेलं वजनाचं शिसं सोडलं की तरंगतोच. ते तो मावशीला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. ऊन पिवळं पडत चाललं होतं. टॉवेल अजून मावशीच्या हातात होता. पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

बुडालेल्या जहाजाच्या जागी खूण म्हणून एक मोठा पिवळा बोया बांधलेला होता. सकाळी बोट त्यालाच बांधली होती. तो लांबून दिसला. लाटेवर वरखाली होत होता, नुसता.

"कुणी नाही," दंतवैद्य पुटपुटला.

"गप्प बसा," मावशी म्हणाली. "वळसा घाला."

तांडेलाने बोट बोयाच्या पलीकडून नेली. तिथे एक काळा आकार बोयाच्या साखळीला बिलगला होता. पाठ इकडे, डोकं बोयाला टेकलेलं. पाठीवर चार नंबर.

"चिमणे!"

आकार हलला नाही. मास्तर ओरडला, तांडेलाने भोंगा वाजवला. काही नाही. डोकं लाटेबरोबर तेवढं हलत होतं. नवरीने हुंदका दिला आणि नवऱ्याच्या खांद्यात तोंड लपवलं. मास्तरने टोपी काढली.

"टोपी घाला आधी!" मावशी कडाडली. "अहो, दडे बसलेत तिच्या कानात! तिला ऐकू येत नाही!"

असं म्हणून तिने पायातली चप्पल काढली आणि नेम धरून फेकली. आयुष्यात तिचा नेम कधी लागला नव्हता, ठाण्यातले लोक त्यावर विनोद करत. आज चप्पल बोयावर थाडकन आपटली.

काळं डोकं दचकून वर झालं. निळे पडलेले ओठ, फुगलेले डोळे. चिमणीने बोट पाहिली, मावशी पाहिली, आणि सगळं बळ एकवटून ती किंचाळली, "डॉक्टर सापडले का?"

कुणाला काही कळेना.

"डॉक्टर! मला गाळात दिसेनासे झाले! मी शोधत राहिले त्यांना, टाकी संपेपर्यंत! वर आले तर तुम्ही निघाला होतात! मिळाले का ते?"

दंतवैद्य कठड्याशी उभा होता. त्याने हात वर केला, आपण इथे आहोत हे दाखवायला, आणि मग त्याचा हात हळूहळू खाली आला. चिमणी मात्र त्याला बघून हसली आणि तिने साखळी सोडली. मास्तरने उडी मारून तिला धरलं.

वर घेतल्यावर ती लटलट कापत होती. फोटोवाली लांब उभी होती, पुढे यायची तिला हिंमत होईना. हातातला पाचचा बिल्ला तिने तांडेलाकडे दिला. तांडेलाने तो घेतला, पण खुंटीवर अडकवायच्या आधी चिमणीसमोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मगच उठला.

मावशीने पोरीला कुशीत घेतलं आणि तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "मला वाटलं, गेलीस गं तू."

"काय?" चिमणी ओरडली. "मोठ्याने बोल!"

मघाशी समुद्रभर घुमलेला तो आवाज आता काही केल्या फुटेना. मावशीने टॉवेलचा पीळ सोडवला, तो चिमणीच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला सुरुवात केली.